मोरीला बोळा

पहिल्याच दिवशी ऑरिन ल्युंड सांगून गेला होता,
हातमोज्यातलं बोट टाकीकडे रोखून:
"व्हॉल्व्ह बंद ठेव, बाई. भरू दे.
पाऊण भरली की एकदम सोड.
आधी काळी, मग करडी.
घाण पुढे, साबणाचं पाणी तिच्या मागून."
एवढंच. मग तो आपल्या ट्रेलरभोवती
पेंढ्याच्या गासड्या रचायला निघून गेला.

मी लुईझियानाची.
आमच्याकडे पाणी वाहतं, नाहीतर साचतं,
तिसरं काही त्याला येत नाही.
नॉर्थ डकोटातही मी तेच धरून चालले,
करडीचा खटका ओढून ठेवला नोव्हेंबरभर.
भांडी घासली, केस धुतले,
रेमीचे तेलाने माखलेले मोजे तीन-तीनदा पिळले
आणि नळीतली बारीक धार ऐकत
मोठं शहाणपण केल्यासारखी झोपले.

थेंबे थेंबे तळं साचतं म्हणतात.
इथे नळी साचते.
एक थेंब गोठतो, त्याच्या अंगावर दुसरा,
मेणबत्तीवर ओघळ चढावेत तसे,
आणि एका सकाळी न्हाणीच्या तळातून
कालचं पाणी वर येतं.
त्यात कॉफीचा चोथा, भाताची शितं,
माझाच एक लांब केस.

भिंतीवर टाकीचे चार दिवे आहेत.
जन्मात खरं बोलले नाहीत.
टाकी धुवून काढली तरी दोन लागलेलेच.
त्या दिवशी चारही लागले.

रेमी रिगवर. यायला अजून नऊ दिवस.
फोनवर म्हणाला, "मीठ टाक."
मग म्हणाला, "नको, थांब, टाकू नकोस."
मग मागून कुणीतरी त्याला हाक मारली.

उणे एकतीस.
पुठ्ठा पसरून मी ट्रेलरखाली शिरले
हेअर ड्रायर घेऊन,
बहिणीच्या लग्नासाठी घेतलेला, गुलाबी.
उताणी पडले,
नाकापासून वीतभर अंतरावर माझ्याच घराचं पोट.

इथून ते कधी पाहिलं नव्हतं.
प्रत्येक सांध्याला चंदेरी पट्टी, नीट, घट्ट,
पट्टीवर मार्करने काढलेले बाण,
आणि रेमीच्या अक्षरात: उतार इकडे.
ऑक्टोबरात तो संध्याकाळी तास-तास बाहेर असायचा.
मला वाटायचं, सिगारेट ओढतोय.

ड्रायर धरून हात बधिर झाला, तो बदलला,
दुसराही झाला.
पेंढ्याच्या फटीतून दोन बूट दिसले.
ऑरिन. "सांगितलं होतं ना" म्हणाला नाही.
उकळत्या पाण्याची किटली आत सरकवली
आणि म्हणाला, "तोंड बाजूला कर."

आधी कडकन आवाज,
मग नळीतून निसटून बाहेर आला
हातभर लांबीचा करडा ओंडका,
आणि त्याच्या मागून, अरे देवा,
अख्ख्या आठवड्याचा उष्टा, कोमट, वाफाळता लोट
धाडधाड खड्ड्यात.
तो आवाज ऐकून मी तिथेच पडल्या पडल्या हसले,
पापण्या गोठेपर्यंत.

ओंडका मधोमध तुटला होता.
आत झाडासारखी वर्तुळं:
कॉफीचं तपकिरी, साबणाचं पांढरं,
पुन्हा तपकिरी.
ऑरिनने बुटाच्या टोकाने एका जाड, पिवळट कड्यावर टेकवलं.
"हा थँक्सगिव्हिंग," म्हणाला. "रस्सा सांडला होता?"
सांडला होता. एकटीपुरता केलेला,
तरी जास्त झालेला.

मोरीला बोळा आणि दरवाजा उघडा,
असं वेड्याला हसतात लोक.
हसू देत.
मी आता बोळा आधी बघते,
दाराचं मग.

रेमी मंगळवारी रात्री आला, पापण्यांत तेल.
मी म्हटलं, अंघोळ कर, सात मिनिटं.
दोन दिवस मी ताटंसुद्धा कागदाने पुसली आहेत.
टाकीत तेवढीच जागा आहे,
तुझ्यासाठी राखलेली.